न झालेल्या रोगाचा हिशेब

पुलावर पैसा खर्च झाला तर पूल दिसतो, दवाखान्यावर झाला तर इमारत दिसते. परंतु एखाद्या तरुणाला एच.आय.व्ही.ची लागण झालीच नाही, तर त्यासाठी झालेला खर्च दाखवायचा कोठे? प्रतिबंधाचे काम फसले तर रुग्ण मोजता येतात. साधले तर मोजायला कोणी नसतो, आणि मग 'आता हा खर्च कशाला?' असा प्रश्न पुढे येतो.

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात हा प्रश्न निघणे साहजिक आहे. देशातील प्रौढांत एच.आय.व्ही.चे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. मध्य प्रदेशात ते त्याहूनही कमी, शेजारच्या महाराष्ट्रात मात्र अधिक. पण २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झालेला हा मराठी मुलूख भोपाळपेक्षा नागपूरला जवळचा. संत्र्यांचे ट्रक, मजूर, विद्यार्थी, रुग्ण सारे तिकडे जातात नि परत येतात. राज्याची सीमा नकाशावर असते. विषाणूला ती ठाऊक नसते.

तेव्हा या खर्चाचा हिशेब कोणी मांडला आहे काय? मांडला आहे, आणि तो आपल्याच देशातला आहे. २००३ साली गेट्स फाउंडेशनच्या पैशातून 'आवाहन' नावाचा कार्यक्रम सहा राज्यांत सुरू झाला. त्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन्ही राज्ये होती. या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना परिचित असलेला बेळगाव जिल्हाही त्यात होता. भर होता तो ज्यांना धोका सर्वांत जास्त, त्यांच्यावर: देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, लांब पल्ल्याचे ट्रकचालक. त्यांच्यातल्याच व्यक्तींनी आपल्या सोबत्यांना समजावायचे, निरोध पोहोचवायचे, गुप्तरोगांवर उपचार मिळवून द्यायचे, अशी कामाची रीत होती. सांगलीत 'संग्राम' संस्थेने हीच वाट १९९२ पासून धरली होती.

दक्षिणेकडील चार राज्यांतील २२ जिल्ह्यांत २००४ ते २००८ या काळात झालेल्या कामाचा जमाखर्च २०१४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे दीड लाख लोकांपर्यंत हे काम पोहोचले. चार वर्षांत माणशी सरासरी ३२७ डॉलर लागले. अंदाजे ६१ हजार जणांची लागण टळली. एक लागण टाळण्याचा खर्च ७८५ डॉलर, म्हणजे त्या काळच्या दराने साधारण पस्तीस हजार रुपये. टळलेल्या लागणींपैकी सुमारे ११ हजार सर्वसाधारण समाजातल्या होत्या, म्हणजे ज्यांच्यापर्यंत कार्यक्रम कधी गेलाच नाही अशांच्या. एप्रिल २००४ पासून सरकार या रोगाची औषधे मोफत देते आणि ती जन्मभर घ्यावी लागतात. म्हणजे टळलेली प्रत्येक लागण ही सरकारी तिजोरीतलीही बचतच.

कोणी म्हणेल, हे आकडे गणिती अनुमानाचे आहेत. खरे आहे, न घडलेली गोष्ट अनुमानानेच मोजावी लागते. कोणी म्हणेल, जेथे रोग विरळा, तेथे एक लागण टाळायला जास्त पैसे पडणार. हेही खरे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष 'खर्च थांबवा' असा नसून 'खर्च निवडून करा' असा आहे. आपण नेमके उलटे करतो. एक डिसेंबरला फेरी निघते, रांगोळी स्पर्धा होते, निबंधाला बक्षीस मिळते आणि वर्षाचे कर्तव्य संपते. ज्याला धोका सर्वांत कमी त्याला भाषण, आणि महामार्गावरच्या ढाब्यावर रात्र काढणाऱ्या चालकाला काहीच नाही!

आमच्यासारख्या छोट्या जिल्ह्याला तीन गोष्टी पुष्कळ आहेत. प्रत्येक गरोदर स्त्रीची चाचणी व्हावी, म्हणजे बाळ वाचवता येते. ज्याची चाचणी सकारात्मक येईल त्याला त्वरित औषध सुरू व्हावे आणि ते खंडू नये. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग असलेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने २०११ साली दाखवून दिले की, वेळीच औषध घेणाऱ्याकडून जोडीदाराला लागण होण्याची शक्यता ९६ टक्क्यांनी घटते. आणि तिसरी गोष्ट, ट्रकचालक व बाहेरगावी कामाला जाणारे मजूर यांच्यापर्यंत त्यांच्यातलाच माणूस पोहोचावा.

यांत महाविद्यालयाचा वाटा कोणता? फेरीचा खर्च वाचवून चाचणी केंद्राचा पत्ता आणि वेळ गावोगाव पोहोचवणे, आणि चाचणीला जाणाऱ्याची कुजबूज करण्याची आपली सवय मोडणे. त्या कुजबुजीच्या भीतीने माणूस चाचणी टाळतो, आणि मग स्वस्तात टळली असती ती लागण महागात पडते. तहान लागल्यावर विहीर खणणे हा शहाणपणा नव्हे, हे आम्हा संत्रा बागाईतदारांच्या मुलांना वेगळे सांगायला नको.