त्रिकोण, मुसल्लस, त्रिभुज



तीन बाजूंच्या आकृतीला मराठीत आपण त्रिकोण म्हणतो. कानडीत तिचेच नाव त्रिभुज. निजामाच्या राजवटीत आपल्या भागातला मुलगा वरच्या वर्गात गेला की तिला मुसल्लस म्हणायला शिकत असे, आणि आज दहावीनंतर विज्ञान शाखेला गेलेल्या मुलाला ती ट्रँगल म्हणून भेटते. आकृती तीच, गावही तेच. नावे मात्र शंभर वर्षांत चार झाली.

पहिलीपासूनच इंग्रजी माध्यम सुरू करावे, असे काही पालक अलीकडे आग्रहाने सांगत आहेत. त्यांची काळजी खरी आहे. तरीही त्यांना उत्तर देण्याआधी, १९१५ ते १९१८ या काळात विद्यापीठे कशी असावीत यावर जी पत्रे आणि टिपणे लिहिली गेली, त्यांची थोडी ओळख करून द्यावी असे वाटले.

१९१५ साली पुण्याजवळ हिंगण्याला महर्षी कर्व्यांच्या हाती टपालाने एक पुस्तिका आली. ती होती जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी, आणि पाठवणारे होते काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त. ते स्वतः जपान पाहून आले होते. (याच गुप्तांनी पुढे १९२१ मध्ये काशी विद्यापीठ उभे करण्यात पुढाकार घेतला. आम्हा हिंदी माध्यमातून शिकलेल्या लोकांना त्यांचे नाव ओळखीचे आहे.) त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत कर्व्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते सुरूही झाले. शिकवणे मातृभाषेतून, इंग्रजी मात्र सक्तीचा विषय. इंग्रजीची ही सक्ती गांधीजींना पटली नव्हती. कर्वे आपल्या मतावर ठाम राहिले.

आता आपल्या संस्थानाकडे येऊ. हैदराबादचे निझाम कॉलेज तेव्हा मद्रास विद्यापीठाला जोडलेले होते. म्हणजे शिकणारा हैदराबादचा, अभ्यासक्रम मद्रासचा आणि भाषा विलायतची. शिक्षण खात्याचे काम पाहणारे सचिव अकबर हैदरी यांनी १९१७ साली निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडे एक सविस्तर निवेदन सादर केले. परक्या भाषेतून शिकताना मुलांची सारी शक्ती पाठांतरात खर्च होते आणि विचाराला काही उरत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. एप्रिल १९१७ मध्ये फर्मान निघाले, त्यातून उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले आणि १९१९ मध्ये वर्ग सुरू झाले. शिकवणे उर्दूतून, इंग्रजी सक्तीची. कर्व्यांच्या आणि हैदरींच्या योजनेतले हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे.

हैदरींनी या योजनेवर थोरामोठ्यांची मते मागवली होती. जानेवारी १९१८ मध्ये रवींद्रनाथ टागोरांचे उत्तर आले. शिक्षण परक्या भाषेच्या बेडीतून सुटावे याची मी फार दिवस वाट पाहत होतो आणि हे पाऊल तुमच्या संस्थानाने उचलले याचा आनंद वाटतो, असा त्या पत्राचा आशय आहे.

केवळ घोषणा करून ही मंडळी थांबली नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वर्ग भरण्याच्या दोन वर्षे आधी, १९१७ मध्येच, भाषांतरासाठी ‘दारुल तर्जुमा’ हे स्वतंत्र खाते काढले. त्याची धुरा मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. ते तेव्हा औरंगाबादला शाळा तपासनीस होते. गणित, रसायन, वैद्यक, कायदा, इतिहास अशा विषयांची शेकडो पुस्तके उर्दूत आली. एकेका शब्दासाठी समित्या बसत. भाषेवरचे प्रेम कामातून दाखवायचे तर असे दाखवावे लागते.

मग खोट कुठे राहिली? प्रश्न साधा होता, पण त्या साऱ्या लिखापढीत तो मागे पडला. मातृभाषा खरी, पण कोणाची? १९११ च्या शिरगणतीनुसार संस्थानात तेलुगू बोलणारे निम्म्याच्या जवळपास, मराठी चौथाईच्या आसपास, कानडी सुमारे आठवा हिस्सा आणि उर्दू सुमारे दहावा हिस्सा. उर्दू ही दरबाराची आणि कचेरीची भाषा, ती सगळीकडे थोडीफार समजते, असा युक्तिवाद होता. कचेरीपुरता तो ठीकही असेल. पण मंठाळच्या मुलाला मद्रासची इंग्रजी जितकी परकी, जवळजवळ तितकीच मुसल्लस परकी. प्राथमिक वर्गात मराठी किंवा कानडी, आणि वर गेले की उर्दू. शिडी होती, पण मधल्या पायऱ्यांवर पाय ठेवायचा तर आधी भाषा बदलावी लागे. ज्यांच्या घरी कोणी शिकलेले नव्हते ती मुले तिथेच उतरली.

लोकांनी आपल्या परीने वाट काढली. १९०७ च्या सुमारास हैदराबादेत विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्यात नूतन विद्यालय निघाले होते. १९२१ मध्ये आपल्यापासून फार दूर नसलेल्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा सुरू झाली. स्वामी रामानंद तीर्थ पुढे तिथेच शिकवायला आले. १९४८ नंतर उस्मानियातले माध्यम इंग्रजी झाले आणि दारुल तर्जुम्याची ती मेहनत कपाटात गेली.

आज आपली शिडी पुन्हा मध्येच तुटते. ती तुटते दहावीनंतर, कारण पुढे कानडी किंवा इंग्रजी. म्हणून पहिलीपासून इंग्रजी घ्या, असे म्हणणे म्हणजे वरची तुटकी पायरी खाली आणून ठेवणे. सहा वर्षांच्या लेकराला ‘त्रिकोण’ कळत असताना त्याचा तो शब्द काढून घेऊ नये, या मताचा मी आहे. माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे आणि ते मला मान्य आहे. पण नुसता मराठीचा अभिमान सांगून दहावीनंतर मुलाला वाऱ्यावर सोडणारी शाळाही मला मान्य नाही. कानडी तर आपल्या राज्याची भाषा. ती परीक्षेपुरती शिकवून भागणार नाही.

यासाठी आपल्या पातळीवर एक छोटा दारुल तर्जुमा काढायचा आहे. आठवी ते दहावीच्या गणित आणि विज्ञानाच्या वहीत प्रत्येक धड्याच्या शेवटी तीन रकाने: मराठी, कानडी, इंग्रजी. काम वाटते तितके अवघड नाही. बल कानडीतही बलच आहे, आम्ल आम्लच आहे. त्वरण मात्र वेगोत्कर्ष होते, आम्लारी प्रत्याम्ल होते आणि प्रकाशसंश्लेषणाचे द्युतिसंश्लेषणे होते. असे वेगळे पडणारे शब्द आधी वेचायचे. कानडीच्या शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला आठवड्यातून एकदा बसायचे ठरले आहे. गावात कानडी माध्यमातून विज्ञान शिकलेली बरीच मुले-मुली आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना रविवारी सकाळी तासभर शाळेत येऊन शब्द तपासून देता येतील, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे. पहिली यादी आठवीच्या गणिताची करू, आणि तिची सुरुवात त्रिकोणापासून.