मुलीसारखं म्हणजे कसं?

मागच्या महिन्यात सोसायटीच्या आवारात सायकल शिकताना माझा पाच वर्षांचा मुलगा पडला. गुडघा खरचटला आणि त्याने भोकाड पसरलं. मी धावत गेलो, गुडघा पुसला आणि तोंडातून निघून गेलं, "अरे, मुलीसारखा काय रडतोस?"

शेजारी त्याची आठ वर्षांची ताई उभी होती. तिने विचारलं, "बाबा, मुलीसारखं म्हणजे कसं? मला टाके घातले तेव्हा मी कुठे रडले?"

खरंच होतं. गेल्या दिवाळीत तिच्या हनुवटीला तीन टाके पडले, तेव्हा घेरी मला आली होती!

एका वाक्यात मी दोघांना दोन चुकीच्या गोष्टी शिकवल्या. मुलाला कळलं की दुखलं तरी दाखवायचं नाही. मुलीला कळलं की घाबरटपणाला आपल्या घरात तिचं नाव आहे. गंमत म्हणजे मी स्वतःला अगदी सुधारलेला समजतो. बायको नोकरी करते, ऑफिसात माझी टीम लीड बाई आहे. पण ते वाक्य लहानपणी ऐकलेलं, जसंच्या तसं पुढे दिलेलं. आमच्याकडे जुना कोड न वाचता कॉपी करतात, तसंच.

मग आठवडाभर मी घरातली बोलणी नीट ऐकली. पाहुणे आले की पाण्यासाठी हाक मुलीला. बाजारात जायचं की "चल रे" मुलाला. नवीन कपडे घातले की ती "गोड दिसते", तो "हिरो दिसतो". आणि मी भांडी घासली की मुलगा सांगतो, "बाबा आईला मदत करतायत." म्हणजे काम आईचंच, मी पाहुणा कलाकार.

हे आईजवळ बोललो, तेव्हा वाटलं तिला राग येईल. ती म्हणाली, "तुला साधा चहा करायला शिकवलं नाही, ते माझं चुकलंच. होस्टेलवर गेलास तेव्हा मेस बंद असली की उपाशी झोपायचास. फोनवर कळायचं मला." त्याच संध्याकाळी तिने माळ्यावरून आत्याची पितळी भातुकली काढली आणि नातवाला कणकेचा गोळा देऊन शेजारी बसवलं. त्याच्या पोळीला भारताचा नकाशा म्हणणंही धाडसाचं होतं; पण त्याने ती सगळी खाल्ली.

आपल्या बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते मुलींनाही. महाराणी चिमणाबाई १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. बाहेरगावच्या पाहुण्यांना आपण हे अभिमानाने सांगतो. पण तेच पाहुणे घरात बसले असताना पाण्याची हाक कुणाला जाते, हेही मुलं बघत असतात. भाषण त्यांच्या लक्षात राहत नाही, हाक राहते.

आम्ही फार काही केलं नाही. फ्रिजवर एक कागद लावला. पाणी देणं, ताटं घेणं, चपला लावणं, कपड्यांच्या घड्या, ही कामं वारांप्रमाणे दोघांत फिरतात. माझं नावही त्यात आहे. "मदत" हा शब्द बंद. ज्याचा वार, त्याचं काम. आणि रडू आलं तर दोघांनीही रडायचं. मी दर वेळी जमवतो असं नाही. चुकलो की ताई आठवण करून देते.

परवा काका आले. धाकट्याने ट्रेमधून पाणी आणलं. निम्मं ग्लासात, निम्मं ट्रेमध्ये. काका म्हणाले, "अरे, तू कशाला? ताई कुठे गेली?"

तो म्हणाला, "आज मंगळवार आहे. मंगळवार माझा."

काकांनी पाणी प्यायलं आणि ग्लास स्वतः आत नेऊन ठेवला.

तुमच्या घरी पाण्याची हाक कुणाला जाते? एक आठवडा नुसतं ऐकून बघा.