लगाम कोणाच्या हाती?

मॉस्को शहरात क्रेमलिनच्या तटालगतच्या उद्यानाशेजारी स्तंभांच्या रांगांनी वेढलेली एक लांबलचक इमारत उभी आहे. तिचे नाव मानेझ, म्हणजे अश्वारोहणशाळा. नेपोलियनवरील विजयास पाच वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने झार पहिला अलेक्झांडर याच्या आज्ञेवरून ती १८१७ साली बांधण्यात आली. ऐन हिवाळ्यात संपूर्ण पलटणीला आडोशाखाली कवाईत करता यावी, हा तिचा हेतू. आगुस्तीन दे बेतांकूर या स्पॅनिश अभियंत्याने सुमारे ४५ मीटर रुंदीचे छप्पर मध्ये एकही खांब न देता लाकडी कैच्यांवर तोलून धरले, याचे त्या काळी मोठे नवल वाटले होते. क्रांतीनंतर या वास्तूत घोड्यांऐवजी सरकारी मोटारी आल्या आणि १९५७ साली तेथे मध्यवर्ती प्रदर्शनगृह सुरू झाले. कवाइतीची जागा कलेला मिळावी, यासारखे सुचिन्ह दुसरे कोणते?

परंतु घोडे गेले म्हणून लगाम गेला, असे मात्र झाले नाही. १ डिसेंबर १९६२ रोजी सोव्हिएत संघाचे सर्वाधिकारी निकिता क्रुश्चेव्ह तेथील प्रदर्शन पाहावयास गेले. वरच्या मजल्यावर काही नव्या वळणाच्या चित्रकारांच्या व शिल्पकारांच्या कृती मांडल्या होत्या. त्या पाहताच क्रुश्चेव्ह संतापले आणि त्यांनी कलावंतांची अत्यंत अर्वाच्य भाषेत संभावना केली. एर्न्स्त नेइझ्वेस्त्नी हा महायुद्धात गंभीर जखमी झालेला शिल्पकार तेवढा त्यांच्याशी समोरासमोर वाद घालण्यास धजला. दुसऱ्या दिवशी सरकारी वृत्तपत्रांनी धन्याचीच री ओढली आणि नव्या कलेची दारे बंद झाली. विशेष हे की, हे क्रुश्चेव्ह काही संकुचित वृत्तीचे म्हणून प्रसिद्ध नव्हते. स्टालिनच्या अत्याचारांना १९५६ साली वाचा फोडणारे तेच, आणि छळछावणीचे चित्रण करणारी सोल्झेनित्सिन यांची कादंबरिका अवघ्या काही दिवसांपूर्वी छापू देणारेही तेच. उदार सत्ताधीशाच्या उदारपणावर कलेने विसंबून राहणे किती धोक्याचे असते, याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

पुढे १९७४ च्या सप्टेंबरात मॉस्कोतील काही चित्रकारांनी, कोणतेच दालन आपल्यासाठी उघडत नाही हे पाहून, शहराच्या कडेच्या मोकळ्या माळावर आपली चित्रे मांडली. त्यांच्यावर बुलडोझर घालण्यात आले. जगभर छीथू झाली, तेव्हा दोन आठवड्यांच्या आत दुसऱ्या एका उद्यानात काही तासांचे प्रदर्शन भरविण्यास परवानगी द्यावी लागली. सत्तेचा न्याय असा. पण काळाचा न्याय त्याहून निराळा असतो. क्रुश्चेव्ह १९६४ साली पदच्युत झाले आणि १९७१ साली निवर्तले. त्यांच्या थडग्यावरील स्मारकशिल्प घडविण्यासाठी त्यांच्या कुटुंबीयांनी ज्या शिल्पकारास पाचारण केले, तो हाच नेइझ्वेस्त्नी! काळ्या आणि पांढऱ्या दगडांचे ते स्मारक आजही नोव्होदेविची दफनभूमीत उभे आहे.

ही कथा परक्या देशाची म्हणून आम्हांस निर्धास्त राहता येणार नाही. मुंबईत १९११ साली उभारलेल्या सर कावसजी जहांगीर सभागृहाचे रूपांतर होऊन १९९६ साली तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र त्याच वास्तूत, फेब्रुवारी २०१९ मध्ये, प्रभाकर बरवे यांच्या चित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी श्री. अमोल पालेकर हे स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती राहिली नाही, याविषयी बोलू लागले असता त्यांना भाषणात वारंवार अडविण्यात आले. मॉस्कोची दांडगाई आणि मुंबईची ही टोकाटोकी एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण जो छप्पर देतो त्याने काय बोलावे हेही ठरवावे, ही समजूत मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच आहे.

यावर असे म्हटले जाते की, पैसा जनतेचा आहे, तेव्हा जनतेच्या प्रतिनिधींनी विचारणा का करू नये? अवश्य करावी. जमाखर्चाचा पैन् पै हिशेब मागावा, दालने वर्षातून किती दिवस कुलूपबंद राहतात हे विचारावे, भिंतींना ओल का येते याचाही जाब घ्यावा. परंतु रेषा कोणती ओढावी आणि रंग कोणता भरावा, हा प्रश्न हिशेबतपासनिसाच्या कक्षेतला नव्हे. मोकळ्या दालनात थोडी खोगीरभरतीही होणार, हे आम्हांस मान्य आहे. तिची परीक्षा प्रेक्षक करतील. टाकाऊ चित्राला विस्मृतीइतकी कठोर शिक्षा दुसरी नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, शहरातील प्रत्येक सार्वजनिक कलादालनाची निवड समिती कलावंत व जाणकार यांची असावी, तिची मुदत ठरलेली असावी, आणि एखाद्यास नकार दिल्यास त्याची कारणे लेखी द्यावीत. जुन्या वास्तूंना नवे जीवन देणाऱ्या सरकारांनी आणि नगरपालिकांनी इतका संयम पाळला, तर त्यांच्या औदार्याला खरी शोभा येईल.

१४ मार्च २००४ च्या रात्री मानेझला भीषण आग लागली. दोन अग्निशामक जवानांचा बळी गेला आणि बेतांकूरच्या छपराची राख झाली; भिंती तेवढ्या उरल्या. वर्षभरात, २००५ साली, ती इमारत पुन्हा उभी राहिली. जळालेले छप्पर असे पुन्हा घालता येते. पण धाकापोटी कलावंताने जे चित्र काढलेच नाही, ते कोणत्याही सरकारी खजिन्यातून पुढे कधीही भरून काढता येत नाही.