जोडी फोडू नका

एम.एड.चे प्रबंध तपासताना एक कोष्टक मला दरवर्षी भेटते आणि दरवर्षी तितकेच अस्वस्थ करते. पूर्वचाचणी ज्या मुलांची, उत्तरचाचणीही त्यांचीच. पण खाली सरासऱ्यांची तुलना मात्र दोन वेगळ्या गावच्या मुलांची असावी तशी. हरकत घेतली की उत्तर येते, "सर, फरक दोन्ही रीतींनी तेवढाच येतो. मग जोडीचा आग्रह कशाला?"

फरक तेवढाच येतो, हे खरे. त्यावर भरवसा किती ठेवायचा ते बदलते, आणि चाचणी करायची ती त्यासाठीच. डब्लिनच्या गिनेस कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधातले आकडे पाहा. दहा मनोरुग्ण, प्रत्येकाला झोपेची दोन औषधे वेगवेगळ्या वेळी दिलेली, आणि झोप किती तासांनी वाढली याची नोंद. चौथ्या रुग्णाची झोप पहिल्या औषधाने १.२ तासांनी घटली, दुसऱ्याने ०.१ तासाने वाढली. सातव्याची पहिल्याने ३.७ तासांनी वाढली, दुसऱ्याने ५.५. या दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर. पण ज्याची त्याच्याशीच तुलना केली की फरक उरतो १.३ आणि १.८. दहापैकी नऊ जणांना दुसऱ्या औषधाचा अधिक उपयोग झाला, एकाला दोन्ही सारखीच. सरासरी फरक १.५८ तास. जोड्या राखल्या तर टी-मूल्य ४.०६ आणि पी-मूल्य ०.००३ च्या आत. त्या फोडून तेच वीस आकडे दोन परक्या गटांचे मानले, तर टी १.८६ वर घसरते, पी ०.०७९ होते आणि प्रबंधात वाक्य पडते : 'शून्य परिकल्पनेचा त्याग करता येत नाही.' माणसामाणसांतली तफावत औषधाच्या हिशेबात मिसळली, एवढेच झाले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : जोडी लावणे ही निकाल आपल्याकडे झुकवण्याची युक्ती आहे. तशी युक्ती करणारे मी पाहिले आहेत, म्हणून हा आरोप झटकून टाकणार नाही. त्याला उत्तर डार्विनच्या मक्यात आहे. १८७६ च्या ग्रंथात त्याने परपरागित आणि स्वपरागित रोपांच्या १५ जोड्यांची उंची दिली. जोडीतली दोन्ही रोपे एकाच कुंडीत समोरासमोर वाढवलेली. त्याचा सावत्र आतेभाऊ फ्रान्सिस गाल्टन याने हे आकडे उंचीच्या क्रमाने नव्याने मांडले आणि जोड्या मोडल्या. १९३५ साली रोनाल्ड फिशरने त्यावर नेमके बोट ठेवले. गंमत म्हणून नव्हे, गांभीर्याने सांगतो : इथे जोड्या फोडल्या तर टी २.४४ येते, राखल्या तर २.१५. म्हणजे जोडीने निकाल कमजोरच झाला. तरीही फिशरने जोड्या राखल्या, कारण डार्विनने रोपे जोडीने लावली होती. आकडे कसे गोळा झाले यावर चाचणी ठरते, निकाल कोणता हवा यावर नाही.

आणि 'सार्थक' हा शब्द लिहून थांबणाऱ्यांशी माझे भांडण याहून मोठे आहे. मक्याचे पी-मूल्य ०.०५ च्या जेमतेम आत आहे, पण ९५ टक्के विश्वास अंतराल काढा : ०.००४ इंचापासून ५.२ इंचांपर्यंत. सरासरी फरक २.६ इंच खरा, पण खालचे टोक शून्याला चिकटलेले. औषधांचा अंतराल ०.७० ते २.४६ तास. खालच्या टोकालाही पाऊण तासाच्या आसपास झोप आहे, रोग्याला जाणवेल एवढी. दोन्ही निकाल सार्थकच. पण एकावर डॉक्टर विचार करू शकेल, दुसऱ्यावर शेतकऱ्याने लगेच बियाणे बदलू नये.

पूर्व-उत्तर चाचणीत नियंत्रित गट नसेल, तर वाढ अध्यापनपद्धतीमुळेच झाली असे जोडीची चाचणीही सांगत नाही, हे मान्य. पण ती उणीव आराखड्याची आहे; जोडी फोडून ती भरत नाही.

आता मी प्रत्येकाला आधी तिसरा रकाना आखायला लावतो : उत्तरचाचणी वजा पूर्वचाचणी, मुलागणिक. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने तो भरला, तेव्हा काही नावांपुढे उणे चिन्ह आले. सरासरी वाढलेली, सगळे खूश, आणि ही मुले मागे गेलेली. प्रबंध बाजूला ठेवून ती त्या मुलांना भेटायला पुन्हा शाळेत गेली.