जहाज थांबणार नाही, म्हणून काय झालं?

क्रूझ हा शब्द वाचून 'हिची चैन चाललीये' असं म्हणत पान उलटू नका. काकांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्यांनी सगळ्या घराला नेलं, आम्ही गेलो. विषय क्रूझचा नाहीच. जहाज बंदरात उभं असतं त्या आठ-दहा तासांचा आहे.

बंदर आलं की जहाजवाले आपली बस पुढे करतात. एसी, गाईड, जेवण. स्वतःहून गेलात आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं, पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं. त्यांच्या बसला उशीर झाला तर मात्र ते सोय बघतात. ही भीती खरी आहे, खोटं कशाला बोलू? पण माझं मत विचाराल तर नेपल्ससारख्या बंदरात ती बस घेणं म्हणजे पैसे मोजून आपलाच वेळ दुसऱ्याला देऊन टाकणं.

नेपल्सहून पॉम्पेईला चिर्कुमव्हेसुव्हियाना नावाची लोकल जाते. नाव तोंडात बसायला दोन दिवस लागतात, गाडीत बसायला काहीच नाही. सोरेंतोची गाडी पकडायची, तीन-साडेतीन युरोचं तिकीट, पाऊण तासाच्या आत 'पॉम्पेई स्काव्ही' स्टेशन. अवशेषांचं दार तिथून अगदी जवळ. बाबा म्हणाले, "परक्या देशात लोकल? नको ते धाडस!" आणि ते काका-काकूंबरोबर बसमध्ये बसले. आई म्हणाली, "मी येते तुमच्याबरोबर." वीस वर्षं ठाणे-दादर केलेली बाई ती! बहुतेक प्रवासी गॅरिबाल्डी स्टेशनवर चढतात, आईने आम्हाला बंदरावरून चालवत एक स्टेशन आधी, पोर्ता नोलानाला नेलं. का, तर गाडी तिथून सुटते आणि खिडकी मिळते. पुढच्या स्टेशनवर जी गर्दी आत शिरली ती बघून आई पर्स पोटाशी धरून हसत होती. लोकल आणि एसटीवर वाढलेल्या आपल्या पोरांनी परदेशात जाऊन बससाठी रांगेत का उभं राहावं, हे मला कळत नाही.

आता पॉम्पेई. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि गाव राखेखाली गेलं हे सगळ्यांना पाठ असतं. गाव केवढं आहे ते चालल्याशिवाय कळत नाही. साधारण ६६ हेक्टर, आणि त्यातला तिसरा हिस्सा अजून खोदलेलाच नाही. रस्त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आहेत. पाय न भिजवता रस्ता ओलांडायला मोठे दगड ठेवलेत, मधून चाकं जातील एवढी फट सोडून. (आपल्या हॉस्टेलच्या गेटसमोर जुलैत असे चार दगड टाकायला हरकत नाही.)

मी अर्धा तास घालवला तो मात्र एका कोपऱ्यावरच्या विटांच्या खांबापाशी. गाव उतारावर आहे, पाणी वरच्या टोकाच्या व्हेसुव्हियस दरवाजापाशी येतं. तिथून सरळ खाली सोडलं तर खालच्या शिशाच्या पाइपांवर केवढं प्रेशर येईल? म्हणून चौकाचौकात असे खांब, वर शिशाची टाकी. पाणी टाकीत चढतं, प्रेशर तिथे मोडतं, मग घराघरात उतरतं. पाइप जिथून जायचा ती खाच अजून दिसते. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरला जे मी नुसतं घोकलं होतं ते इथे हाताला लागलं. तेवढ्यात झेंडा धरलेला एक गाईड चाळीस माणसं घेऊन त्या खांबाला वळसा घालून गेला. कोणी थांबलं नाही. थांबणार कसे, बस सुटते ना!

बाबांना आत दोन तास मिळाले आणि शिंपल्यावर कोरलेल्या दागिन्यांच्या दुकानात पाऊण तास.

आमच्याकडे वेळ उरला, म्हणून नेपल्सला परतल्यावर मेट्रोने एक स्टेशन पुढे पुराणवस्तू संग्रहालयात गेलो. तिथे १९३८ साली पॉम्पेईत सापडलेली हस्तिदंताची भारतीय मूर्ती आहे, जेमतेम वीतभर. आधी तिला लक्ष्मी म्हणायचे, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. तशाच धाटणीच्या मूर्ती आपल्याकडे भोकरदन आणि तेरला सापडल्यात. म्हणून काही जण तिचं माहेर भोकरदन मानतात, काहींना ती वायव्येकडची वाटते. मी कॉन्व्हेंटवाली, रोमन सम्राट क्रमाने म्हणून दाखवेन, पण भोकरदन जालना जिल्ह्यात आहे हे मला नेपल्समध्ये कळलं. आई मात्र त्या काचेसमोरून हलेना. पूर्ण ट्रिपमध्ये तिने स्वतःसाठी मागितलेली ती दहा मिनिटं.

आता हिशेबाचं. आपल्याला डिझाइनमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी शिकवतात, तो इथे वापरा. जहाजावर परतायची वेळ साडेपाच होती, आम्ही सव्वाचारला बंदरात होतो. नेहमी मागे दोन गाड्या शिल्लक ठेवा. इटलीत संप जाहीर करून होतात, 'शोपेरो' हा शब्द आदल्या रात्री शोधा. पॉम्पेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजारच माणसं आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा ओळखपत्र जवळ हवं. बंदरातल्या एजंटचा फोन नंबर कागदावर लिहून घ्या, मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच मरते.

आणि सगळीकडे हे चालत नाही. रोमसाठी जहाज चिविताव्हेक्याला लागतं, तिथून रोम सत्तरएक किलोमीटर. तिथे थांबा कमी तासांचा असेल किंवा बरोबर आजी असेल तर मी गुपचूप बसचं तिकीट काढेन. अथेन्सचं मात्र उलट. पिरेअस बंदराजवळूनच मेट्रो निघते आणि मोनास्तिराकीला उतरलं की वर अक्रोपोलिस दिसतं. तिथे बाबा स्वतःहून आमच्याबरोबर आले. "बसमध्ये मान आखडते," म्हणाले.