उमेदवारीची मुदत

परभणीजवळच्या झरीसारख्या गावातील पदवीधरास आज एकच राजमार्ग दाखविला जातो : पुण्यात खोली घ्यावी आणि राज्यसेवेच्या परीक्षा देत राहाव्यात. ही आकांक्षा आम्हांस गैर वाटत नाही. पावसाच्या लहरीवर ज्याचा संसार चालतो, त्या घरास निश्चित वेतनाचे मोल कोणी शिकवावयास नको. प्रश्न आहे तो मुदतीचा.

२०१६ मध्ये शासनाने नोकरीप्रवेशाची कमाल वयोमर्यादा खुल्या वर्गासाठी ३३ वरून ३८ व मागासवर्गीयांसाठी ३८ वरून ४३ वर्षे केली. संधी वाढली, तशी प्रतीक्षाही लांबली. मुख्य परीक्षेची वर्णनात्मक पद्धती २०२२ मध्ये जाहीर झाली आणि आंदोलनानंतर २०२५ पर्यंत पुढे ढकलली गेली. ज्या परीक्षेचे नियमच असे हलतात, तिच्यावर सारे तारुण्य पणास लावणे शहाणपणाचे नव्हे.

उमेदवार कोठवर राहता येते, हे शासन सांगते. कोठवर राहावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. तीन-चार वर्षांची मर्यादा आरंभीच घालून घ्यावी आणि दुसरे एखादे कसब तेव्हापासूनच हाती ठेवावे. परभणीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. बियाणे व अन्नप्रक्रिया यांचे शिक्षण झरीच्या तरुणास दूरचे नाही. आयोगानेही आपले वेळापत्रक कसोशीने पाळावे. आणि आम्हां शहरवासीयांनी ‘आणखी एक वर्ष दे’ असा सल्ला देण्यापूर्वी, त्या वर्षाचा खर्च कोणत्या शेतातून निघणार आहे, एवढे तरी विचारावे.