संगणकशिक्षणातील ‘जयपूर फूट’

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८च्या सुमारास कृत्रिम पायाचा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला गेला. त्या काळी प्रचलित असलेला पाश्चात्त्य ‘सॅच’ पाय बुटात घालण्यासाठी घडवलेला होता; त्याचा घोटा वळत नसे. तो लावून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, शेताच्या चिखलात अनवाणी चालता येत नसे. कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रुग्णाला बूट घालायला न शिकवता पायच बदलला. रबर आणि लाकूड यांतून घडलेला हा पाय पुढे ‘जयपूर फूट’ या नावाने जगभर गेला.

याच शहरात नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘एसीएम इंडिया’ची पंधरावी ‘कॉम्प्यूट’ परिषद भरली. संगणकशास्त्र कसे शिकवावे, याच प्रश्नाला वाहिलेली ही वार्षिक परिषद आहे. शहर एकच, हा केवळ योगायोग; परंतु प्रश्नही त्याच घडणीचा आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरापूर्वीच, म्हणजे सहावी ते आठवीच्या टप्प्यात, कोडिंगचा परिचय करून देण्याचे ठरवले. ते ज्या साधनांनी करून द्यायचे, ती साधने मात्र डोळे आणि माऊस गृहीत धरूनच बनलेली आहेत.

‘स्क्रॅच’चेच उदाहरण घ्यावे. एमआयटीत घडलेली आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली ही भाषा शिक्षणतंत्रज्ञानातील एक सुंदर कल्पना आहे, यात वाद नाही. रंगीत ठोकळे ओढून एकमेकांत बसवायचे. अर्धविराम विसरण्याची भीती नाही. परंतु जे मूल पडद्यावरचा मजकूर स्क्रीन रीडरकडून ऐकते, त्याच्यासाठी रंगही नाही आणि ओढणेही नाही. मग त्याला ‘पायथन’कडे वळवले जाते आणि तेथे दुसरी अडचण उभी राहते. पायथनमध्ये ओळीच्या आरंभीची मोकळी जागा हाच व्याकरणाचा भाग. ती ऐकू कशी यावी? ‘एनव्हीडीए’ या विनामूल्य स्क्रीन रीडरमध्ये त्याची सोय आहे. ओळ जितकी आत सरकलेली असेल, त्यानुसार बदलणारा सूर तो ऐकवू शकतो. सोय आहे, पण ती मेनूत जाऊन चालू करावी लागते, आणि त्यासाठी ती शिक्षकाला ठाऊक असावी लागते.

प्रात्यक्षिक परीक्षेतील लाडका प्रश्न तर सर्वांच्या परिचयाचा आहे: पडद्यावर ताऱ्यांचा पिरॅमिड छापा. तपासायचे असते ते एकात एक गुंफलेल्या दोन लूपचे आकलन. तेच आकलन पाढ्यांचा तक्ता करायला सांगूनही तपासता येते. परंतु प्रश्नाचे चित्ररूप हेच त्याचे मर्म मानले जाते, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला फार तर ‘सूट’ मिळते. सूट म्हणजे त्या संकल्पनेपासून त्याला दूर ठेवणे, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

दृष्टी नसताना हे शास्त्र झेपेल का, या शंकेचे उत्तर पुण्यातूनच मिळाले आहे. टी. व्ही. रामन यांची दृष्टी काचबिंदूमुळे किशोरवयात गेली. पुणे विद्यापीठात गणित आणि आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र शिकून ते कॉर्नेलला गेले. गणिती मजकूर नुसता वाचून न दाखवता त्याची रचना कानांना कळावी, अशी ‘ॲस्टर’ ही प्रणाली त्यांनी १९९४च्या प्रबंधात मांडली, आणि त्या प्रबंधाला ‘एसीएम’चा सर्वोत्कृष्ट प्रबंधाचा पुरस्कार मिळाला. प्रणालीचे नाव त्यांच्या मार्गदर्शक श्वानाच्या नावावरून ठेवलेले होते! मात्र अशा एका नावाचा दाखला देऊन व्यवस्था स्वतःची सुटका करून घेते, तेव्हा सावध झाले पाहिजे. रामन यांना लागणारी साधने रामन यांनाच घडवावी लागली. त्यानंतर सुमारे दोन दशकांनी दिल्लीच्या कार्तिक साहनी यांना विज्ञान शाखा मिळण्यासाठीच मंडळाशी झगडावे लागले. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेची दारे बंद राहिली आणि २०१३ मध्ये ते स्टॅनफर्डला गेले.

येथे संशोधनाचा मुद्दा येतो, आणि तो दयाबुद्धीचा नाही. जे प्रयोग काही निरीक्षणे गैरसोयीची म्हणून आधीच वगळतात, त्यांच्या निष्कर्षांवर भौतिकशास्त्रात कोणी विश्वास ठेवत नाही. शिक्षणसंशोधनात मात्र सर्व नमुना डोळस असला तरी निष्कर्ष ‘विद्यार्थ्यांविषयी’ म्हणून छापला जातो. याउलट अँड्रियास स्टेफिक यांचे काम पाहावे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी ‘क्वोरम’ ही भाषा घडवताना त्यांनी मुळातच विचारले, की नवशिक्याला कोणते व्याकरण सोपे जाते? २०११च्या त्यांच्या गटाच्या प्रयोगात ‘पर्ल’ वापरणाऱ्या नवशिक्यांची अचूकता, यदृच्छेने निवडलेल्या चिन्हांच्या बनावट भाषेपेक्षा लक्षणीय प्रमाणात सरस आढळली नाही. हा निष्कर्ष डोळस विद्यार्थ्यांनाही तितकाच लागू आहे. फक्त तो प्रश्न विचारायला वगळलेल्यांच्या बाजूने पाहावे लागले.

भारतातही असे काम झाले आहे. हातांनी जोडायच्या गोळ्यांतून आज्ञावली रचून ती ऐकायची, हे मायक्रोसॉफ्टचे ‘टोरिनो’ साधन बंगळुरूच्या अंध मुलांच्या शाळांत खेळ म्हणून वापरून पाहिले गेले. पण असे प्रयोग प्रयोगच राहतात, कारण शाळांची खरेदी निराळ्याच टेबलावर ठरते.

संख्या थोडी आणि खर्च अधिक, हा आक्षेप नेहमीचा आहे. एनव्हीडीएला पैसे पडत नाहीत, पिरॅमिडऐवजी पाढा विचारायलाही नाहीत. शिवाय कायदा आता ऐच्छिक उरलेला नाही: सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सुलभतेचे निकष बंधनकारक स्वरूपात ठरवण्याचा आदेश केंद्राला दिला. शाळांसाठी कोडिंगचे सॉफ्टवेअर घेताना निविदेत एक अट घालणे राज्यांच्या हाती आहे. विक्रेत्याने मॉनिटर बंद करावा, माऊस काढून ठेवावा, आणि केवळ कळफलक व आवाज यांच्या आधारे आपल्याच सॉफ्टवेअरचा पहिला धडा खरेदी समितीसमोर पूर्ण करून दाखवावा.